अण्णांची सही राहिली आहे

अकाउंट्समध्ये एक साधा नियम असतो. ज्याला व्हाउचर नाही, ते घडलंच नाही. या हिशोबाने आमच्या कंपनीत गेल्या चौदा वर्षांत जे घडलं, त्यातलं निम्मं घडलेलंच नाही! ऑडिटर ते विचारत नाहीत आणि मीही आपणहून सांगत नाही. पण विश्रांतवाडीत आमच्या भिशीला गेले की कुणीतरी विचारतंच, "मोहोडबाई, तुमच्या त्या दोन साहेबांचं काय नवीन?" मग एक किस्सा सांगितला की त्याच्या मागून दुसरा निघतो, आणि पोहे गार होतात.

आधी दोन साहेब कोण ते सांगते. आमची कंपनी मोठ्या स्वयंपाकघरांचं स्टीलचं सामान बनवते. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवण गरम ठेवणारी काउंटर असतात ना, ती. शिवाय भाताच्या ट्रॉल्या, टेबलं, भांडी घासायची मोठी सिंक. मालक दोन. जोगळेकर साहेब कोथरूडच्या ऑफिसात बसतात आणि कमी बोलतात. अण्णा काळभोर लोणी काळभोरच्या वर्कशॉपमध्ये असतात आणि उरलेलं सगळं बोलतात. दोघं पूर्वी एकाच कारखान्यात नोकरीला होते. त्या कारखान्याने तीन महिने पगार थकवला आणि चौथ्या महिन्यात गेटला कुलूप लावलं. त्यानंतर दोघांनी मिळून ही कंपनी काढली आणि पहिल्याच दिवशी एक नियम केला. पगार सात तारखेला. सहाला झाला तरी चालेल, आठला नाही.

मी मूळची अमरावतीची. इंटरव्ह्यूला आले तेव्हा पगार किती मिळेल, असं विचारलं. जोगळेकर साहेब म्हणाले, "किती ते नंतर बोलू. केव्हा ते नक्की आहे."

*

आमच्या बँक खात्यावर दोघांच्याही सह्या लागायच्या. एक सही कोथरूडला, दुसरी लोणीला. मधे अख्खं पुणं. चेकची फाइल मंगळवारी टेम्पोबरोबर लोणीला जायची आणि शुक्रवारी परत यायची. कधी ट्रॅफिक, कधी सण, कधी अण्णा शेतावर. मग शुक्रवारचा पुढचा मंगळवार व्हायचा.

ही गैरसोय आहे असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. मग लक्षात आलं की हीच आमची सोय आहे!

भवानी पेठेतल्या गुगळेशेठकडून आम्ही पत्रा घेतो. महिन्याच्या उधारीवर. महिना उलटला की शेठचा फोन यायचा. जोगळेकर साहेब शांतपणे सांगायचे, "शेठ, माझी सही झालेली आहे. अण्णांची राहिली आहे." शेठ लोणीला फोन लावायचे. तिकडे अण्णा म्हणायचे, "आपलं काम कधीच झालं, शेठ. सायबांची सही ऱ्हायलीय." दोघांपैकी कुणीही खोटं बोलतोय असं सिद्ध करता यायचं नाही, कारण चेक त्या वेळी टेम्पोत असायचा.

एकदा शेठनी नातीच्या लग्नाची पत्रिका दोघांनाही दिली आणि मलाही दिली. मला वेगळा फोन करून म्हणाले, "मॅडम, आहेर आणू नका. चेकबुक आणा."

पुण्यात राहून एवढं शिकले होते की इथे माणूस गंमत करतो तेव्हाही चेहरा तसाच ठेवतो. म्हणून मी जरीची साडी नेसले आणि पर्समध्ये चेकबुक टाकलं.

पंगतीत शेठनी दोन्ही साहेबांना शेजारी शेजारी बसवलं. मला समोर. ताटात आधी मीठ आलं, मग चटणी आली, मग शेठ आले. खिशातून पेन काढून त्यांनी दोघांच्या ताटांच्या मधोमध ठेवलं आणि हात जोडले.

"सावकाश होऊ द्या. वाढप्यांना मी थांबायला सांगितलंय."

*

धंदा वाढतो म्हणजे काय होतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण कळलं ते पेढ्यांमुळे.

एका वर्षी आमचा सेल दुप्पट झाला. नवीन हॉस्टेल, नवीन कँटीन, जिकडेतिकडे ऑर्डर. एकवीस कामगारांचे एक्केचाळीस झाले. वर्षअखेरीला जोगळेकर साहेबांनी आकडा पाहिला, दोनदा बेरीज केली आणि म्हणाले, "मोहोडबाई, स्टाफसाठी पेढे मागवा. दोन किलो."

मी म्हटलं, "साहेब, बँकेत अकरा हजार आहेत."

"सेल दुप्पट झालाय."

"हो."

"मग पैसे कुठे आहेत?"

मी कागदावर मांडून दाखवलं. थोडे वर्कशॉपमधल्या पत्र्यात आहेत. थोडे अर्धवट बनलेल्या काउंटरात आहेत. बाकीचे गिऱ्हाइकांकडे आहेत, ते साठ-सत्तर दिवसांनी देतील. पत्रा आपल्याला आज लागतो, पगार सातला लागतो. ऑर्डर दुप्पट म्हणजे आधी घालायचे पैसेही दुप्पट. यालाच वर्किंग कॅपिटल म्हणतात.

साहेबांनी कागद खूप वेळ पाहिला. "म्हणजे आपण कमावले आहेत, पण ते गावाला गेलेत."

"तसंच समजा."

"मग अर्धा किलो मागवा."

हेच मी लोणीला जाऊन अण्णांना समजावलं. कागद काढायच्या आधीच ते म्हणाले, "म्याडम, ह्यात काय समजावायचंय? ऊस हाय हा. रानात डोक्याएवढा हुबा दिसतुया, गावाला वाटतं अण्णा लई मालदार. आन् खिशात इचारा तर फटफटीत पेट्रोल टाकायला पैसं न्हाईत."

दोन वर्षं एमकॉम केलं मी. चार ओळींत संपलं.

*

तेव्हापासून ठरलं की वसुलीला जोर लावायचा. जोगळेकर साहेब फोनवर वसुली करायचे. त्यांचा फोन साधारण असा असायचा: "नमस्कार. जोगळेकर. बिलाला पंच्याहत्तर दिवस झाले. आपल्याला आठवण राहावी म्हणून नाही, मलाच विसर पडू नये म्हणून फोन केला." समोरचा चिडायचा, पण बहुतेक वेळा द्यायचा.

अण्णांची अडचण वेगळी होती. ज्याच्या घरी चहा प्यायला त्याच्याकडे पैसे मागायला त्यांची जीभ रेटत नाही. आणि अण्णांना चहा देत नाही असं गिऱ्हाईक जिल्ह्यात नाही. एकेकाकडे तीन तीन वेळा जाऊन यायचे. त्याच्या मुलाच्या दहावीचे मार्क, म्हशीचं आजारपण, विहिरीचं पाणी, सगळी माहिती घेऊन यायचे. पैसे तेवढे नाहीत.

शेवटी जोगळेकर साहेबांनी नियम केला. "अण्णा, वसुलीला गेल्यावर कुणाकडेही चहा घ्यायचा नाही."

अण्णांनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी सासवडकडच्या एका हॉटेलवाल्याकडे गेले. सकाळी गेलेले तीनला परतले. साहेबांनी विचारलं, "पैसे?"

"न्हाई झालं."

"चहा घेतलात!"

"आईशप्पत न्हाई, सायेब," अण्णा म्हणाले. "जेवलो."

*

मग बँकेकडून कॅश क्रेडिट घ्यायचं ठरलं. म्हणजे आपल्याकडचा माल आणि येणी पाहून बँक एक मर्यादा देते, तेवढे पैसे लागतील तसे उचलायचे. त्यासाठी बँकेचा माणूस वर्कशॉपवर येऊन माल मोजतो. मी अण्णांना आठवडाभर आधी सांगून ठेवलं. "अण्णा, बँकेचे साहेब येणार आहेत. सगळं नीट दिसलं पाहिजे."

माझी चूक एवढीच की काय दिसलं पाहिजे ते सांगितलं नाही.

त्या दिवशी बँकेचा तरुण अधिकारी, जोगळेकर साहेब आणि मी लोणीला पोचलो. वर्कशॉप ओळखू येत नव्हतं. जमीन धुतलेली, दारात रांगोळी, कोपऱ्यात चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि टेबलावर नारळपाणी. बाकी काही नाही. अक्षरशः काही नाही. पत्रा नाही, पाइप नाही, एक काउंटर नाही!

अधिकारी म्हणाला, "स्टॉक कुठे आहे?"

अण्णा अभिमानाने म्हणाले, "सायेब येणार म्हणून समदं आवरलं. दोन दिवस लागलं पोरांना."

जोगळेकर साहेब रांगोळी बघत उभे राहिले.

माल अण्णांच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात ठेवला होता. आम्ही सगळे शेताच्या बांधाने तिकडे गेलो. बँकेचा अधिकारी बूट सांभाळत, वही उघडी धरून, म्हशींच्या मधून काउंटर मोजत होता. एका भाताच्या ट्रॉलीत पेंड ठेवली होती. ती मोजायची की नाही यावर थोडी चर्चा झाली. शेवटी ट्रॉली मोजली, पेंड वगळली.

लिमिट मंजूर झालं. रिपोर्टची प्रत मी जपून ठेवली आहे. 'मालाच्या सुरक्षेची व्यवस्था' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: "समाधानकारक. म्हैस अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही."

*

लिमिटबरोबर बँकेने नेट बँकिंग दिलं आणि आमचा घात झाला.

आता चेक नाही, फाइल नाही, टेम्पो नाही. मी ऑफिसात बसून पेमेंट भरायचं, की दोघा साहेबांच्या मोबाइलवर जातं. दोघांनी बटण दाबलं की पैसे गेले. कोथरूड ते लोणी हे अंतर एका बोटाचं झालं. आमच्या कंपनीचं खरं भांडवल म्हणजे ते अंतर होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

एका महिन्याच्या एक तारखेला मी त्या महिन्यात द्यायची तेवीस पेमेंट भरून ठेवली. हेतू हा की यादी तयार असावी, मग ज्याची वेळ येईल ते एकेक सोडायचं. जोगळेकर साहेबांनी सकाळी सगळ्यांवर बटण दाबलं. त्यांच्या मनात, जे थांबवायचं ते अण्णा थांबवतील. चौदा वर्षं अण्णांची सही राहतच आली होती. अण्णांनी पाहिलं की साहेबांनी दाबलंय, म्हणजे विचार करूनच दाबलं असणार. त्यांनीही दाबलं. तेवीसच्या तेवीस!

सव्वाअकरापर्यंत लिमिट संपत आलं. उचलायला एक लाख वीस हजार उरले. सात तारखेचा पगार साडेआठ लाख.

मी खुर्चीत बसून होते. तेवढ्यात गुगळेशेठचा फोन आला. आवाज एकदम खालचा.

"मॅडम, पैसे आले."

"हो शेठ."

"सगळे आले. वेळेच्या आधी आले."

"हो."

"मॅडम, आपले जुने संबंध आहेत. खरं सांगा. कंपनी बंद करताय का?"

मी परोपरीने सांगितलं, पण शेठचा विश्वास बसेना. चाळीस वर्षं ते पत्रा विकताहेत. न मागता पैसे देणारा माणूस एकतर देशाबाहेर चाललेला असतो किंवा दुकान गुंडाळत असतो, असा त्यांचा अनुभव. त्या दिवसापासून त्यांनी आमची उधारी बंद केली. पैसे द्या, पत्रा न्या!

(पुढचं इथेच सांगून टाकते. दीड महिन्यांनी त्यांनी राहिलेल्या टेम्पोभाड्यासाठी फोन केला. मी सवयीने बोलून गेले, "शेठ, साहेबांची सही झाली आहे, अण्णांची राहिली आहे." पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. "हां! आता बरं वाटलं. उद्या पत्रा पाठवतो, पैशांचं सावकाश बघू.")

*

पण ते नंतर. त्या आठवड्यात आमच्यापुढे एकच प्रश्न होता. सात तारीख.

मोठी येणी एकच होती. शहराबाहेरच्या एका कॉलेजला आम्ही मेसचं सगळं सामान दिलं होतं. नाव सांगत नाही. अठरा लाख. मुदत संपून महिना झाला होता. जोगळेकर साहेब तीन तारखेला स्वतः तिकडे गेले. एरवी ते गिऱ्हाइकाच्या दारात जात नाहीत.

दुपारी परत आले. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"अकाउंट्स ऑफिसर भेटले. माणूस सभ्य आहे. म्हणाले, माझी सही झालेली आहे. अध्यक्षांची राहिली आहे."

मी उठून त्यांना पाणी दिलं.

"अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो," साहेब म्हणाले, "तिथे सांगितलं, आमच्याकडे कागदच आलेला नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चौदा वर्षं हे वाक्य मी वापरलं, मोहोडबाई. समोरून ऐकायला कसं लागतं ते आज समजलं."

त्यांनी स्वतःच्या पगाराचा चेक फाडला. मागच्या महिन्याचा होता, नेट बँकिंगच्या आधीचा, अजून बँकेत टाकला नव्हता. त्याने काही पुरं पडणार नव्हतं. जोगळेकर वहिनींची एफडी मोडायची त्यांनी चौकशी केली, ती आधीच वर्कशॉपच्या शेडसाठी बँकेकडे अडकलेली होती. पाच तारखेला अण्णांच्या घरून वहिनींचा फोन आला. मला म्हणाल्या, "म्याडम, काय झालंय ते सांगा. हे चार रात्री झाल्या झोपलं न्हाईत. अंगणात फेऱ्या मारत्यात आन् मोबाइल बघत्यात. म्हणत्यात, ह्या बोटानं मी पोरांचा पगार घालवला."

मी त्यांना सांगितलं, चूक यादी करणारीची आहे. ती खरंच माझी होती. एक तारखेपासून मलाही जेवण गोड लागलं नव्हतं.

कामगारांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण उधारीचा पत्रा बंद झालेला त्यांना दिसत होता, आणि हिशोब काही फक्त मलाच येत नाही.

*

आता शेवटचा किस्सा.

सात तारखेला त्याच कॉलेजात नव्या मेसचं उद्घाटन होतं. सामान आमचं, म्हणून आमंत्रणपत्रिका आमच्याकडेही आली होती. 'आपण व आपल्या सर्व सहकाऱ्यांनी भोजनास उपस्थित राहावे.' जोगळेकर साहेबांनी ती बाजूला सारली. "ज्यांच्याकडे माझे पैसे अडकलेत, त्यांच्याकडे मला घास उतरणार नाही. अण्णा, तुम्हीही..."

"मी जातू," अण्णा म्हणाले.

"पैसे मागणार आहात?"

"मला न्हाई जमत ते, तुमाला म्हाईत हाय. पर आमंत्रण हाय. सर्व सहकारी लिवलंय."

आणि सात तारखेला सकाळी अकरा वाजता दोन टेम्पो करून, धुतलेल्या कपड्यातले एक्केचाळीस कामगार घेऊन, अण्णा काळभोर कॉलेजात जेवायला गेले!

पुढचं मला फोरमन सुदामने सांगितलं. चौदा वर्षांपूर्वीच्या पहिल्या चार कामगारांतला तो. तो म्हणाला, फीत कापून झाली आणि सगळे मेसमध्ये आले, तेव्हा आमची माणसं रांगेत ताटं घेऊन उभी होती. अध्यक्षांनी विचारलं, ही मंडळी कोण? अण्णा पुढे झाले आणि एकेकाची ओळख करून द्यायला लागले. "ह्यो सुदाम. हे काउंटर ह्यानं वेल्ड केलंय. हात फिरवून बघा, जोड घावतोय का. ह्यो बाळू, पॉलिश ह्याचं. हे मामा, दारं ह्यांनी बसवली." एक्केचाळीस नावं! वरण गरम राहिलं, कारण काउंटर आमचं होतं.

अध्यक्ष खूश झाले. म्हातारा माणूस, स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. सुदामच्या शेजारी ताट घेऊन बसले. दुसऱ्या बाजूला अकाउंट्स ऑफिसर. अध्यक्षांनी सहज विचारलं, "काय रे, तुमचे अण्णा पगार वेळेवर देतात ना?"

सुदाम म्हणाला, "चौदा वर्सं झाली. दर सात तारखेला. येकदा बी चुकलं न्हाई."

"वा! आज किती तारीख?"

"आज सातच हाय, सायेब," सुदाम म्हणाला आणि जेवायला लागला.

अण्णा म्हणे खाली मान घालून भात कालवत होते. अध्यक्षांनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग एक्केचाळीस माणसांच्या रांगेकडे आणि मग अकाउंट्स ऑफिसरकडे.

"यांचं काही राहिलंय का आपल्याकडे?"

ऑफिसर म्हणाले, "सर, माझी सही झालेली आहे. आपली..."

"माझी काय? मी तुझ्या शेजारी बसलोय. मोबाइल काढ."

*

इकडे कोथरूडला जोगळेकर साहेब माझ्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसले होते. ते कधी असे बसत नाहीत. मी दर पाच मिनिटांनी बँकेचं पान उघडत होते. तीन वाजून वीस मिनिटांनी अठरा लाख आले.

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, तिथे जरा वेळ पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "पगार लावा."

मी एक्केचाळीस नावं लावली. साहेबांनी तिथल्या तिथे बटण दाबलं. आता राहिली अण्णांची सही.

साडेतीन. चार. साडेचार. अण्णांचा फोन वाजत होता, उचलत नव्हते. साहेब दर दहा मिनिटांनी, "आलं का?" एवढंच विचारत होते. पाच वाजता सुदामचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. त्यानेही टाकला असावा, मागे टेम्पोचा आणि माणसांचा आवाज.

"म्याडम, पगाराचं काय? पोरं इचारत्यात."

मी म्हटलं, "सुदाम, साहेबांची सही झाली आहे. अण्णांची राहिली आहे."

सुदाम दुखावल्या आवाजात म्हणाला, "म्याडम, आता आमालाबी?"

"अरे देवाशपथ खरंच राहिली आहे! चौदा वर्षांत पहिल्यांदा खरी राहिली आहे!"

आधी एक जण हसला. मग दुसरा. मग सगळे एक्केचाळीस हसायला लागले, फोन फुटेल असे. जोगळेकर साहेबांचेही खांदे हलत होते. मी ओरडून विचारलं, "पण अण्णा आहेत कुठे?"

"हितंच हायती. टेम्पोत मागं झोपल्यात. पंगत उठली तसं आडवं झालं. जिलेबीबी न्हाई खाल्ली. उठवू का? बटन दाबायला?"

मी "हो" म्हणणार, तोच जोगळेकर साहेबांनी हात पुढे करून फोन स्वतःकडे ओढला.

"सुदाम, जोगळेकर बोलतोय. पैसे आलेत. सगळ्यांना सांग."

"व्हय सायेब."

"आणि त्यांना उठवू नकोस. सात तारीख संपायला अजून वेळ आहे."

"बरं, सायेब."

फोन चालूच राहिला होता. हसणं हळूहळू कमी झालं आणि मागून कुणीतरी दटावल्याचं ऐकू आलं.

"ए, हळू बोला रे. अण्णा झोपल्यात."